वर जाणारे शॉट : एका एअर रायफलचा तीन आठवड्यांचा तपास

रेंजवर तिला सगळे छोटी म्हणतात. चार वर्षांपूर्वी आली तेव्हा रायफल उचलताना तिचाच तोल जायचा, म्हणून. आता ती बारावीत आहे, माझ्यापेक्षा उंच झाली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. दहा मीटर एअर रायफल मारते. जूनअखेरपर्यंत साठ शॉटचा तिचा स्कोअर ६२४ च्या आगेमागे असायचा, म्हणजे दर शॉटला १०.४. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो ६०९ झाला. हळूहळू घसरला असता तर समजलं असतं. हा एका सोमवारी पडला आणि पडूनच राहिला.

आमची रेंज ठाण्यात घोडबंदर रोडला आहे, दहा लेनची. त्याआधीचे चार दिवस पावसाने रस्ता तुंबल्यामुळे ती बंद होती. बंद पडलेली रेंज उघडली की पहिल्या दिवशी सगळ्यांचेच हात जड असतात, त्यामुळे सोमवारी मी लक्ष दिलं नाही. मंगळवारी दहा-दहा शॉटच्या सीरिज आल्या १०१.२, १००.८, १०२.१. बुधवारी १०१.५, १००.३. तेव्हा मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसलो.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आकडे सांगतो, कारण पुढचं सगळं मिलिमीटरच्या भाषेत आहे. टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेट, म्हणजे छर्रा, साडेचार मिलिमीटरची. तिचं केंद्र ठिपक्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडलं तर दहा, आणि त्या अडीच मिलिमीटरचे पुन्हा दहा भाग करून १०.० पासून १०.९ पर्यंत मोजणी होते. एक दशांश गुण म्हणजे पाव मिलिमीटर. १०.४ मारणारी मुलगी १०.१ वर आली म्हणजे तिचे शॉट सरासरीने पाऊण मिलिमीटर आणखी लांब जायला लागले. नखाच्या जाडीएवढा फरक, आणि त्यात आख्खी स्पर्धा जाते.

स्क्रीनवर सगळे शॉट एकत्र काढून पाहिले. डावी-उजवी रुंदी पूर्वीसारखीच होती. उंची जवळपास दुप्पट झाली होती. ग्रुप, म्हणजे शॉटांचा पुंजका, उभा ताणला गेला होता, शेवग्याच्या शेंगेसारखा.

पहिला आठवडा, जो मी वाया घालवला

उभा ग्रुप दिसला की कोच पहिल्यांदा श्वासाचं नाव घेतो. श्वास पूर्ण थांबायच्या आत ट्रिगर दाबला की छाती हलते, नळी वर-खाली होते. त्याच्या खालोखाल संशय बट प्लेटवर, म्हणजे रायफलीच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकावर : खांद्यात ती रोज वेगळ्या उंचीवर बसत असेल तर तसंच दिसतं. मीही तेच केलं. लेन बदलून पाहिली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा दोष नाही एवढं तरी ठरलं. मग तीन दिवस नुसतं होल्डिंग, म्हणजे निशाणा स्थिर धरून राहणं, आणि ड्राय फायर, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर दाबणं. बारावी, क्लास, अपुरी झोप हे सगळं तोंडावर होतंच. तिचे बाबा म्हणाले, "सर, रात्री एकपर्यंत फिजिक्स करते, त्याचंच असणार." मी मान डोलावली.

शुक्रवारी मी बट प्लेट थोडी खाली घेतली आणि गाल टेकवायचा चीक पीस एक खाच वर. आधीच्या जागांवर खूण केली नाही. का केली नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. खिशात पेन होतं.

रविवारी तिच्या मैत्रिणीने आपली रायफल तिला मारायला दिली. दुसऱ्याची रायफल, दुसऱ्याची बट प्लेट, ट्रिगरचं वजन वेगळं. छोटीने सीरिज मारली १०३.१. ग्रुप गोल होता. तपास त्या मिनिटाला संपायला हवा होता. मी मात्र म्हणालो, दुसऱ्याच्या रायफलवर दडपण नसतं, म्हणून बरं जातं. हे वाक्य आमच्या खेळात इतक्या वेळा म्हटलं जातं की ते खरं आहे की खोटं हे कोणी तपासतच नाही.

रायफल टेबलावर

दुसऱ्या आठवड्यात स्कोअर तसाच राहिला तेव्हा रायफल उघडायला घेतली. ही जर्मन बनावटीची, दाबाच्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी, सहा वर्षं जुनी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता.

क्रम सोपा ठेवला : आधी जे बाहेरून दिसतं ते, मग जे आत आहे ते, आणि एका वेळी एकच बदल. फ्रंट साइटचं टनेल, म्हणजे नळीच्या टोकावरची निशाण्याची नळकांडी, घट्ट होतं. डायॉप्टर, म्हणजे डोळ्याजवळची बारीक भोकाची साइट, रेलवर हलत नव्हता. दोन्ही दिशांना दहा क्लिक फिरवून परत आणला, शॉट जागेवर आला. स्टॉकचा, म्हणजे रायफलीच्या दस्त्याचा, मागचा स्क्रू पाव वळसा ढिला निघाला. इथे मला वाटलं की सापडलं. टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापाला आवळला, दहा शॉट मारले, ग्रुप उभाच. ढिला स्क्रू खरा होता, पण या प्रकरणाशी त्याचा संबंध नव्हता. असे स्क्रू जवळपास प्रत्येक रायफलीत सापडतात, आणि सापडल्यावर माणूस शोध थांबवतो.

नळी फेल्टने साफ केली. पेलेटचा डबा तोच होता, जूनमध्ये ६२४ मारलेला, ४.५० मिलिमीटर हेडचा. तरी दुसऱ्या लॉटच्या पेलेट मारून पाहिल्या. फरक नाही. सिलिंडरच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. रात्रभर ठेवून सकाळी गेज पाहिलं, काटा तिथेच.

मग व्हाइस, म्हणजे रायफल घट्ट आवळून धरणारा शिकंजा. आमच्याकडे एक आहे, वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला, दिसायला बोजड पण हलत नाही. त्यात रायफल आवळून कागदी टार्गेटवर दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप मारले. भोकाच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत माप घेतलं आणि पेलेटचे साडेचार वजा केले. केंद्रापासून केंद्रापर्यंत १.८, १.६, २.० मिलिमीटर. सहा वर्षांच्या रायफलीला याहून चांगलं काय मागायचं? तिन्ही ग्रुप गोल होते.

मी तिच्या बाबांना फोन करून सांगितलं की रायफल शंभर टक्के ठीक आहे. छोटी शेजारीच उभी होती. काही बोलली नाही, जॅकेटची बकलं सोडायला लागली. मग रायफल केसमध्ये ठेवता ठेवता म्हणाली, "सर, पण तुम्ही किती भरभर मारता. मी असं मारतच नाही."

मी वीस सेकंदांना एक शॉट मारत होतो. पेलेट घाला, बोल्ट बंद, ट्रिगर, पुढचा. व्हाइसमध्ये निशाणा धरायचाच नसतो, तर थांबायचं कशाला? तिचं तसं नसतं. मॅचमध्ये साठ शॉटना पंचाहत्तर मिनिटं मिळतात. ती साधारण पन्नास सेकंदांना एक मारते. होल्ड बसला नाही तर रायफल खाली घेते, दोन श्वास घेते, पुन्हा उचलते. म्हणजे दीड-दोन मिनिटं. प्रत्येक सीरिजनंतर तीन मिनिटं बसते. मी तिची रायफल तपासली होती, पण ती जशी वापरते तशी वापरून तपासली नव्हती.

घड्याळ लावून

रायफल परत व्हाइसमध्ये गेली. या वेळी छोटी स्टॉपवॉच घेऊन बसली. एक शॉट वीस सेकंदांनी, पुढचा तीन मिनिटांनी, परत वीस सेकंदांनी, परत तीन मिनिटांनी. असे दहा. खूप कंटाळवाणं काम आहे, बाहेर पाऊस, आत आम्ही दोघं आणि एक घड्याळ. सहाव्या शॉटनंतर मोजायची गरज उरली नाही. कागदावर एकमेकांत घुसलेली दोन भोकं तयार होत होती, एक खाली, एक वर. वीस सेकंदांचे सगळे खालच्यात, तीन मिनिटांचे सगळे वरच्यात.

हवेच्या रायफलीत शॉट वर जातो म्हणजे बहुतेकदा पेलेट जास्त वेगाने गेली. दुसऱ्या दिवशी ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळला जाऊन एका मित्राचा क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजायचं यंत्र, आणला. वीस सेकंदांनी मारलेले शॉट : १६९, १७०, १७० मीटर प्रतिसेकंद. एका मिनिटाने : १७२, १७३. तीन मिनिटांनी : १७७, १७८. चहा पिऊन येऊन मारलेला : १७९. त्यापुढे वाढ नाही.

शाळेतलं गणित इथे कामाला येतं. १७० च्या वेगाने दहा मीटर जायला ०.०५९ सेकंद लागतात आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण पेलेटला सुमारे १७ मिलिमीटर खाली आणतं. १७८ ला वेळ कमी लागतो, घसरण साडेपंधरा मिलिमीटर. फरक दीड मिलिमीटर. आपल्या हिशेबात सहा दशांश गुण. व्हाइसमधल्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर मोजलं तर दीडपेक्षा थोडं जास्त भरलं. हवेचा अडथळा मी गणितात धरलाच नव्हता, तेव्हा एवढं जमलं तरी खूप.

त्यातून आणखी एक गोष्ट उलगडली, आणि तिने मला जास्त लाज वाटली. होल्ड बसला नाही तर मारू नकोस, रायफल खाली घे, हे मीच तिला चार वर्षं शिकवलं. ती ते पाळायची, आणि पाळलं की वेळ जायचा, वेळ गेला की पुढचा शॉट वर. म्हणजे जेवढी शिस्त जास्त तेवढा शॉट वाईट. दोन-तीन शॉट वर गेले की ती डायॉप्टरवर दोन क्लिक खाली घ्यायची, तेही मीच शिकवलेलं. मग तिची लय जमायची, वेळ कमी व्हायचा आणि शॉट खाली पडायचे. मग परत क्लिक वर. दीड मिलिमीटरचा दोष या दुरुस्त्यांनी ती तीन मिलिमीटरचा करत होती. मैत्रिणीच्या रायफलीवर यातलं काहीच झालं नव्हतं.

टाकीतला बॉल कॉक

सिलिंडर भरलेला असतो तेव्हा आत २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशेपट, दाब असतो. शॉट होत जातात तसा तो उतरतो. तो तसाच पेलेटमागे लावला तर पहिला शॉट आणि पन्नासावा शॉट वेगळ्या वेगाने जातील. म्हणून मध्ये रेग्युलेटर असतो. पुढच्या छोट्या खोलीत तो कायम एकाच, बऱ्याच कमी दाबाची हवा ठेवतो. शॉट झाला की खोली रिकामी होते, झडप उघडते, खोली ठरावीक दाबाला भरते, झडप आपल्या बैठकीवर घट्ट टेकते.

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. बॉल कॉकचा वॉशर झिजला की पाणी पूर्ण थांबत नाही, बारीक धार चालूच राहते. दिवसभर नळ चालू असतात तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही. रात्री सगळे झोपले की पातळी चढते आणि पहाटे ओव्हरफ्लोचा आवाज येतो. रेग्युलेटरची झडप नीट टेकत नसेल तर तसंच होतं. भराभर मारलं तर खोलीतला दाब चढायला वेळच मिळत नाही. थांबलं की चढतो. दाब जसा वाढतो तसा तोच झडपेला बैठकीवर जोराने दाबतो, म्हणून एका मर्यादेला वाढ थांबते. आमची मर्यादा १७९. हवा सिलिंडरातून बाहेर जात नाही, आतल्या आत पुढे सरकते, म्हणून साबणाचं पाणी गप्प बसलं आणि गेजचा काटाही.

आता प्रश्न असा की जूनमध्ये ठीक असलेली झडप जुलैत का बिघडली. छोटीला विचारलं, जूनपासून काय बदललं? काही नाही, म्हणाली. तिच्या बाबांना विचारलं. तेही म्हणाले, काही नाही. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, रेंज बंद होती तेव्हा सिलिंडर कुठे भरला?

"घरीच. जूनमध्ये हातपंप घेतला ना. तुमच्याकडे भरायला रांग असते, तिचा अभ्यासाचा वेळ जातो."

रांग असते हे खरं. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून ब्राँझ आणल्यापासून आमच्याकडे सातवी-आठवीची इतकी मुलं येतात की संध्याकाळी सिलिंडर भरायला अर्धा तास जातो. त्यांनी पंप घेतला तो मुलीचा वेळ वाचावा म्हणून. रोज सकाळी गॅलरीत उभं राहून, बनियन भिजेपर्यंत, ते स्वतः पंप मारायचे. दुसऱ्या दिवशी तो घेऊन आले. ओलावा शोषणाऱ्या मण्यांची नळी उघडली. कोरडे असताना हे मणी निळे असतात. सगळे गुलाबी झाले होते.

"पण सर, पाणी जाईल कुठून? मी पंप कधी पावसात ठेवला नाही."

पाणी हवेतूनच गेलं. जुलैत ठाण्यात मिठाची बरणी ओलसर होते, डब्यातला पापड मऊ पडतो, कपाटातल्या पट्ट्याला बुरशी धरते. तीस अंशाच्या, नव्वद टक्के दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण २७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. सिलिंडर समजा ०.२ लिटरचा. २०० बारला भरायचा म्हणजे बाहेरची ४० लिटर हवा आत कोंबायची, आणि तिच्याबरोबर एक ग्रॅमच्या आसपास पाणी. एवढ्याशा जागेत वाफ होऊन राहू शकतं ते जेमतेम काही मिलिग्रॅम. बाकीच्याचे थेंब होतात. काही पंपातच गळतं, पण ते अधूनमधून ब्लीड स्क्रू उघडून सोडावं लागतं, दर पन्नासेक हातांनी. बाबा तो स्क्रू एकदाच उघडायचे, सगळं भरून झाल्यावर. महिनाभर, दर एक-दोन दिवसांनी, मणी आधीच भिजलेले.

माझ्या तोंडून काही बोलायच्या आत छोटीच म्हणाली, "बाबा, मी पण सांगितलं नाही ना सरांना."

रेग्युलेटर आम्ही उघडला नाही. ज्यांचे हात शिवशिवतात त्यांनी इथे ते खिशात घालावेत : २०० बारचा भाग घरच्या टेबलावर खोलायचा नसतो, आणि सिलिंडरवर छापलेली दहा वर्षांची मुदतही गंमत म्हणून छापलेली नसते. दाब पूर्ण सोडून, सिलिंडर वेगळा करून, दोन्ही पुण्याच्या एका प्रशिक्षित आर्मररकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, पाठवलं. त्याने फोटो पाठवला. झडपेच्या बैठकीवर पांढरट भुकटीचा एक कण रुतला होता आणि बाजूला बारीक ओरखडा. सिलिंडर ॲल्युमिनियमचा, आतून ओला, त्याचीच ती भुकटी. बैठक आणि ओ-रिंग बदलल्या, सिलिंडर धुऊन वाळवून दिला. यायला आठ दिवस लागले. तोवर ती मैत्रिणीच्या रायफलवर मारत राहिली, दिवसाआड, ते जेवढं जमेल तेवढं.

रायफल परत आल्यावर पहिलं काम क्रोनोग्राफ. कोरड्या हवेने भरलेला सिलिंडर लावला. वीस सेकंद, १७१. एक मिनिट, १७०. तीन मिनिटं, १७१. मुद्दाम दहा मिनिटं थांबलो, १७२. व्हाइसमध्ये घड्याळ लावून पुन्हा दहा शॉट, कागदावर एकच भोक.

मग छोटी उभी राहिली आणि पहिली सीरिज मारली १०१.९.

ग्रुप आता गोल होता, पण सैल. रायफल बरी झाली होती, आजारी मी केलेली बट प्लेट होती. आधीची उंची कोणालाच आठवत नव्हती. मे महिन्यातल्या एका स्पर्धेचा तिच्या आईने काढलेला फोटो मोठा करून, बट प्लेटच्या दांड्यावरच्या रेघा मोजून, अंदाजाने जागा लावली. चीक पीस त्यातून दिसत नव्हता, तो गालाने शोधावा लागला, रोज थोडा. रेग्युलेटरला आठ दिवस लागले, याला बारा. या मधल्या काळात झालेल्या स्पर्धेत तिने ६१७.८ मारले आणि पुढच्या फेरीत जायचं थोडक्यात हुकलं. निकालाच्या कागदाकडे बघून ती म्हणाली, "उभा नाहीये ना, बस."

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सरावात ६२४.६ आले. बट प्लेटच्या दांड्यावर आता पांढऱ्या पेनाची रेघ आहे, चीक पीसवर दुसरी. तिच्या वहीत स्कोअरच्या शेजारी एक नवा रकाना आहे, 'किती वेळाने', आणि त्याच्या शेजारी आणखी एक, 'हवा कुठली'. पंप बाबांनी विकला नाही. मणी कढईत मंद आचेवर परत निळे करून ठेवलेत, नोव्हेंबरपासून वापरीन म्हणतात. मी हो किंवा नाही, अजून काही म्हटलेलं नाही.